सॉसमधला लसूण

मेलबर्नच्या पोटविकार दवाखान्यातून बाहेर पडलेली एक इटालियन म्हातारी आणि तिची लेक ट्रॅमच्या थांब्यावरच्या बाकावर येऊन बसल्या.

"पण वाढायच्या आधी मी लसूण काढूनच टाकते की गं, लोरेदाना! एकूण एक पाकळी!"

"मम्मा, पाकळी काढलीस तरी त्यातलं बाधणारं सॉसमध्ये उतरलेलंच असतं. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. नुसत्या तेलात परतून टोमॅटोच्या आधी काढलास, तर चालेल म्हणाली ना ती आहारतज्ज्ञ."

"म्हणजे दर रविवारी मीच तुला आजारी पाडत होते?"

"तुला काय माहीत? मलाही आजच कळलं."

"आणि तुझ्या बापाला?"

"गेलेल्या माणसाचं कुठे काढतेस आता?"

"जेवण झालं की पोट धरून अंगणात जायचा. मी खिडकीतून ओरडायचे, भांडी घासायची वेळ झाली की बरं तुला अंजिराचं झाड आठवतं!"

"हसायचे ते."

"कामचुकार म्हणायचे मी त्याला. शेजाऱ्यांदेखत."

"मम्मा, ट्रॅम आली. ऊठ."

"त्याला कळत होतं का गं, सॉसनं होतंय ते?"

"ऊठ ना."

"लोरेदाना."

"कळत होतं. मला म्हणाले होते, आईला सांगू नकोस, रविवारचा स्वयंपाकच सोडून देईल ती."

ट्रॅमची दारं उघडली आणि मिटली. म्हातारी जागची हलली नाही.

"तरी सॉस दुसऱ्यांदा मागून घ्यायचा गं."