बेल वाजली की

वकीलबाई : म्हणजे समन्स दारावर चिकटवून गेले, आणि तुम्ही ते सोलून काढलंत?

आई : गरम पाण्याच्या फडक्यानं. जिना चढता चढता शेजारचे वाचत होते हो.

वकीलबाई : आणि त्याआधी कोर्टाचा माणूस येऊन गेला तेव्हा?

आई : दारच नाही उघडलं. माझे दीर म्हणाले होते, कागद हातात घेतलाच नाही तर केस अंगाला लागत नाही. सही केली की अडकलो.

वकीलबाई : दीर वकील आहेत?

आई : पंखे दुरुस्त करतात.

वकीलबाई : मग पंखेच करू द्या त्यांना. अहो, कागद दाराला लावला की तो तुम्हाला मिळाला असंच कोर्ट धरतं. आता बँकेचा वकील आत कोर्टात उभा राहून म्हणेल, आम्ही कळवलं, कोणी फिरकलं नाही, एकतर्फी निकाल द्या.

आई : एकतर्फी म्हणजे... घर?

वकीलबाई : लगेच कुलूप नाही लावत. पण वाट तीच.

आई : हळू बोला ना. ही छोटी ऐकतेय.

वकीलबाई : शहाणी आहे हो. मघापासून चकार शब्द नाही तोंडातून.

आई : खेळ आहे तिचा. मीच लावला. बेल वाजली की टेबलाखाली जायचं, आणि आधी आवाज करेल तो हरला. इतकी तयार झालीय ना, परवा घाईत खुर्चीखाली बोट चेमटलं, तरी रडली नाही. बेल वाजायची थांबली, मग रडली.

वकीलबाई : ...यजमान कुठायत? कर्ज दोघांच्या नावावर आहे.

आई : खाली, स्कूटरवर बसलेत. दिवसभर लोकांची कपाटं खांद्यावरून चढवतात, आणि इथल्या पायऱ्या काही चढवेनात. म्हणाले, तू हो पुढे.

वकीलबाई : बरं. घाबरायचं तेवढं घाबरा, पण ऐका. करार वाचलाय मी. व्याजदर वाढले तेव्हा बँकेनं हप्ता वाढवला. उतरले तेव्हा?

आई : तेव्हा काही बोललेच नाहीत.

वकीलबाई : कलमच तसं लिहिलंय. वर जायला जिना आहे, खाली यायला नाही. आणि कर्जाला जोडलेला तो विमा? तो तुम्ही मागितला होता?

आई : छे! बँकेतला तो साहेब नुसता बोट ठेवत गेला. इथे, इथे आणि इथे. ही मांडीवर, पेन ओढत होती. मी करत गेले सह्या.

वकीलबाई : ग्राहकाच्या गळ्यात अशी कलमं मारता येत नाहीत. कोर्ट ती बाजूला ठेवू शकतं, बँकेला म्हणू शकतं की हिशोब पुन्हा मांडून आणा. पण समोर माणूस तर हवा! रिकाम्या जागेसाठी कोर्ट बँकेला कशाला विचारेल?

आई : मग राहील ना घर?

वकीलबाई : खोटा धीर नाही देणार. तुमचं म्हणणं ऐकलं जाईल, एवढं आज मिळवू. अरे देवा, शेजारच्या कोर्टात माझंच प्रकरण पुकारलं. हा अर्ज धरा, उशीर माफ करा म्हणून लिहिलाय. मी आलेच.

आई : आणि तेवढ्यात आमचं पुकारलं तर?

वकीलबाई : मोठ्यानं ‘हजर’ म्हणायचं आणि आत जायचं. तीनदा पुकारतात. तिसऱ्यांदाही कोणी ओ दिली नाही तर संपलं.

आई : बाई, तुम्ही नका ना जाऊ. मला जमायचं नाही.

वकीलबाई : एकच शब्द आहे हो!

छोटी : आई, तुझा हात गार लागतोय.

आई : पंख्याखाली बसलोय ना.

छोटी : पंखा बंद आहे. काकाला बोलवू या?

आई : काकाला मुळीच नको.

छोटी : तो दारातला माणूस सारखा का ओरडतो?

आई : शिपाई आहेत ते. ज्याचं काम असेल त्याला हाक मारतात.

छोटी : मग तो जातो?

आई : जातो. ते बघ, ते आजोबा गेले ना आत.

(दारातून पुकारा : “बँकेचा घरकर्जाचा दावा! प्रतिवादी हजर?”)

छोटी : आई, आपल्याकडे बेल वाजवणारा माणूस पण असंच म्हणायचा. बँक, बँक.

आई : ...

छोटी : परत म्हणाला. आई, इथे टेबल नाहीये. बाकाखाली जाऊ?

आई : ...

छोटी : थांब, मी तुझ्या तोंडावर हात ठेवते. शूऽऽ. आपण नाहीच आहोत.

आई : आहोत... आहोत गं बाळा. हजर! अहो, थांबा, फाईल बाजूला ठेवू नका! हजर आहोत आम्ही!

छोटी : आई, तू हरलीस.