गाडी भरली की सुटते

—निघणार, निघणार, कोण म्हणतं नाही निघणार? पण भरल्याशिवाय नाही, पोरी. श्कोडरहून वर पुक्याला जाणाऱ्या गाडीला वेळ नसते, सीटा असतात. त्या भरल्या की सुटते. माझ्या बापाची अशीच सुटायची — एकदा तर एक जण मांडीवर कोकरू घेऊन बसला, गाडी काही भरेना, शेवटी पुक्याला पोचले तेव्हा ते कोकरूच त्याला पाठीवर घेऊन उतरलं. हसतेस काय? विचार कुणालाही, प्रेंग खोटं बोलत नाही. घे, बुरेक खा. खा गं, आत पालक आहे, विष नाही. इटालियन बरं बोलतेस हं. आम्ही शिकलो ते चोरून इटलीचा टीव्ही बघून, छपरावर कढईची अँटिना लावून —

थांब हं. ए काका! हो, तुम्हीच, कोंबडीवाले. पुका ना? आज नाही. रस्ता बंद आहे, दरड आलीय. त्या समोरच्या गाडीनं जा, ती लांबच्या रस्त्यानं जाते.

काय झालं? अशी का बघतेस? दरड... आली असेल कुठंतरी, डोंगर आहे, दरडी येतातच. आणि कोंबड्या घाण करतात. हो, मघाशी ती दोन कॉलेजची पोरं आली, त्यांच्याकडे कोंबड्या नव्हत्या, कबूल. पण त्यांची तोंडं मला आवडली नाहीत. माझी गाडी आहे, कुणाला बसवायचं ते मी ठरवणार की नाही?

वाजू दे तो फोन. बायको आहे, म्रीका. सकाळपासून वाजतोय, आता थकेल. घरी बसलेल्यांना काय सांगायचं ते तिला माहीत आहे — गाडी भरली नाही. मग मी काय करू? रिकामी नेऊ? धंदा आहे हा. पाहुणे बसलेत तर बसू देत, घर उन्हात थोडंच आहे.

पाहुणे म्हणजे... झेफ, त्याचा भाऊ, आणि झेफचा तो पोरगा, पाश्क. माझ्या लेकीला, दीलाला, मागणी घालायला आलेत. आमच्याकडे कसं असतं, पोरी, पाहुण्यांपुढे कॉफी ठेवायची. पण मुलीचा बाप जोवर शब्द देत नाही तोवर ते कपाला हात लावत नाहीत. आणि मुलीचा बाप तर इथं, तुझ्यासमोर, गाडीत अडकलाय. आता त्याला कोण काय करणार? म्रीकानं कॉफी चारदा गरम केली, तसा मेसेज आलाय तिचा. झेफ म्हणजे कॉफीचा राक्षस, एरवी चार कप रिचवल्याशिवाय बूट घालत नाही — आणि आता कपाकडे नुसता बघत बसलाय. बसू दे!

पोरगा वाईट? छे. वाईट असता तर केव्हाच पोचलो असतो, उंबऱ्यावरून हाकलला असता. त्याच्या नाकाला नाव ठेवलं, तर दीला म्हणते, बाबा, तुमचंही तसंच आहे. त्याच्या चालण्याला नाव ठेवलं, तर म्हणते, तो चालत नाही, कामावर धावतो. तिकडे इटलीत, बेर्गामोला असतो. गवंडी आहे, भिंत अशी बांधतो की — मी स्वतः ओळंबा लावून बघितला, चूक सापडेल म्हणून. नाही सापडली मेली. आणि दीला त्याचं नाव निघालं की ताटल्या उगीचच पुन्हा धुते. मला काय दिसत नाही?

बेर्गामो बघितलंयस तू? थंडी असते ना तिथं? दीलाला सकाळी उठवायला लागतं, चार हाका मारल्याशिवाय उठत नाही. तिथं कोण हाक मारणार? तो तर अंधारातच कामावर जात असेल. मी आपला रोज पहाटे गाडी काढण्याआधी दारात उभा राहून...

जाऊ दे. तू सांग, तू अशी एकटी, पाठीवर घर घेऊन फिरतेस, तुझ्या बापाला चालतं? फोन करतेस की नाही त्याला? रोज? खरंच रोज? बघ, म्हणजे पोरी करतात फोन.

काय काढतेस पिशवीतून? भाडं पोचल्यावर द्यायचं असतं. आणि हे एवढं कशाला? हे तर — मागच्या सगळ्या सीटांचे? ए, ठेव ते. स्वस्तात फिरायला आलीस ना तू, सकाळी सफरचंदवालीशी केवढं भांडत होतीस. काय म्हणतेस? तुमच्याकडे एवढ्यात एक जेवणसुद्धा होत नाही? ते तुमच्याकडे! तुला पुक्यात असं काय काम अडलंय? काही नाही? मग? माझ्या घरी कॉफी थंड होतेय म्हणून?

पैसे आत ठेव. ठेव म्हणतो ना. तू परदेशातली पाहुणी, तुझ्याकडून असले पैसे घेतले तर झेफ माझ्या घरची कॉफी पिणार नाही, मी शब्द दिला तरी. पण गाडी भरली, हे खरं. तू भरलीस.

दार ओढून घे, जोरात, ते अडकतं. आणि वाटेत माझ्याशी एक अक्षर बोलू नकोस.