हाकेला आलेली हरणं

नाव सुनंदा लिहा. आडनाव राहू दे, चार महिने बाकी आहेत माझ्या नोकरीचे अजून, उगाच कोणी वाचेल आणि साहेबांना नेऊन दाखवेल. आमचं मूळ गाव मंडणगडकडचं, पण ते सांगण्यापुरतं, जन्म माझा परळचा, चाळीतला, एक खोली आणि त्यात आम्ही सात माणसं. वडील मिलमध्ये साच्यावर होते, म्हणजे कापडाच्या मागावर. संप झाला तेव्हा मी नववीत, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच, आई दादरला घरकामाला जायची, मी तिच्याबरोबर. आम्ही बौद्ध, वडील सारखे बोलायचे शीक गं पोरी, काय पण कर पण शीक, आणि त्यांच्याच हातून ते झालं नाय, ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. मिस्टर प्राणिबागेत होते, पिंजऱ्यावर. स्थळ आलं तेव्हा मावशीने नाक मुरडलं, बोलली वाघाची घाण काढतो तो, त्याला पोरगी देता काय. पण नोकरी पक्की होती आणि माणूस शांत. कामावरून आले की अंगाला वास यायचा, साबणाने पण जायचा नाय, पहिल्या पहिल्यांदा मला मळमळायचं. काय सांगू तुम्हाला, ते गेल्यावर तोच वास मी त्यांच्या खाकी शर्टात शोधत बसायची. मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा गेले, ड्युटीवरच, छातीत कळ आली आणि खाली बसले ते उठलेच नाय.

त्यांच्या जागी मला घेतलं. पहिली आठ वर्षं हातात झाडू, रस्ते झाडायचे, पब्लिकने टाकलेल्या पिशव्या उचलायच्या. बाईला जनावरांवर कोण ठेवणार? पण हरणांवर एक गावडेमामा होते, मालवणकडचे, ते रिटायर व्हायला आले तेव्हा त्यांनीच साहेबांना सांगितलं, सुनंदाक घ्या, तिच्या आवाजाक हरणां थांबतत. खरंच थांबायची. हरणाचा जीव लय भित्रा, पान पडलं तरी अख्खा कळप उधळतो, पण मी चाऱ्याची टोपली घेऊन आवारात शिरली आणि याऽ गं याऽ, या रे बाबांनो, अशी हाक दिली की सगळी चालत यायची, पळत नाय, चालत. चितळं होती सगळी, तांबूस अंग आणि पांढरे ठिपके. त्यातली एक बकुळ. तिला आईने टाकली होती, दुसऱ्या दिवशीच. मी तिला शेळीच्या दुधाच्या बाटलीवर वाढवली, दर दोन-तीन तासांनी पाजायचं, पाजलं की ओल्या फडक्याने पोट पुसायचं, आई चाटते तसं, नायतर त्यांना शू होत नाय. ठिपके अगदी बकुळीच्या फुलांएवढे, म्हणून बकुळ. मोठी झाली, कळपात गेली, पण टोपली खाली ठेवली की आधी माझा हात चाटायची, मग चारा.

आता हरणांचं एक आहे, ती थांबत नाय. वाघ नाय, कोण नाय खायला, पोटभर चारा, मग काय, वर्षाला पाडस. आणि जागा तेवढीच. जनावर नातं बघत नाय, बाप लेकीवर, भाऊ बहिणीवर चढतो, आणि मग पाडसं व्हायची ती कमजोर, एक तर दोन्ही डोळ्यांनी आंधळं झालं. नर भांडायचे. एकाने दुसऱ्याचं पोट शिंगाने फाडलेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय, पब्लिक बाहेरून शिट्ट्या मारत होतं.

तेव्हा नवीन डॉक्टर मॅडम आल्या. गिरगावच्या, फणसवाडीत राहायच्या, वयाने माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. चांगल्या होत्या, हे लिहा बरं का, नायतर वाचणाऱ्याला वाटेल त्यांनीच सगळं केलं. त्या बोलल्या, सुनंदाताई, हे असं चालू ठेवणं म्हणजे प्रेम नाही, हळूहळू मारणं आहे. मधे पत्रा उभा केला, नर इकडे, माद्या तिकडे. बरोबरच होतं. पण वासाला पत्रा कुठून घालणार? माजावर आले की नर त्या पत्र्यावर डोकं आपटायचे, दिवसभर धाड धाड, आणि एके दिवशी एकाची मानच मोडली. मॅडम त्याच्याजवळ मातीत बसल्या आणि रडल्या. मी बघितलं, त्यांना माहीत नाय मी बघितलं ते.

मग वरून ठरलं, झेब्रे आणायचे. मोठं चित्र आलं, काचेची भिंत, गवत, बसायला बाकडी, फोटो काढायला वेगळी जागा. पब्लिकला नवीन पाहिजे हो, चितळ कोण बघतं, लोक बोलायचे हे तर बकरीसारखं आहे. आणि जागा कुठली, तर आमचंच आवार. मॅडम मला बोलल्या, म्हातारी आणि लंगडी मागच्या छोट्या वाड्यात ठेवू, बाकीची जंगलात सोडायची परवानगी मिळाली आहे, विदर्भात. तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला. मी मुलीला सांगितलं, शेजारी सांगितलं, मिठाई नाय पण शिरा केला. जंगलात! आणि काय पाहिजे?

हरणाला पकडायला गेलं तर ते धसक्यानेच मरतं. म्हणून हिरव्या कापडाची एक गल्ली केली, सुरुवातीला रुंद, मग अरुंद अरुंद, शेवटी ट्रक. आणि काम माझं. पंधरा दिवस मी रोज चारा थोडा थोडा आत ठेवत गेली. मी पुढे हाक देत, ती माझ्या मागे. शेवटच्या दिवशी सकाळी मी ट्रकमध्ये चढली, टोपली ठेवली, याऽ गं याऽ बोलली, आणि ती एकेक करून चढली. मी पुढच्या छोट्या दारातून उतरली आणि मागचं दार खाली आलं. कोणाला ओरखडा नाय. साहेब बोलले वा सुनंदाबाई. बकुळचं नाव यादीत होतं. खोटं नाय सांगत, एकदा मनात आलं, मॅडमना सांगावं ही मागच्या पायाने लंगडते, म्हणजे राहील इथेच, वाड्यात. मॅडमनी ऐकलं असतं. मग मीच मला बोलली, स्वतःसाठी का अडकवतेस तिला, आयुष्य जाळीत गेलं तिचं, आता बघू दे ना झाडं.

तीन आठवड्यांनी फोन आला. तिकडे जंगलात त्यांना आधी मोठ्या कुंपणात ठेवलं होतं, सवय व्हायला, आणि आता कुंपणाचं दार उघडलं तर ती बाहेरच जात नव्हती. जीपचा आवाज आला की दारात येऊन उभी राहायची, चारा मिळेल म्हणून. मॅडम बोलल्या, ताई तुम्हाला यावं लागेल. आम्ही दोघी गेलो, रेल्वेने आणि पुढे जीपने. मुंबई सोडून मंडणगडच्या पुढे मी कधी गेली नव्हती.

तिथे एक वनरक्षक होता, मडावी म्हणून, भला माणूस, चहा दिला. मी सहज विचारलं, हरणं कमी झाली का हो तुमच्याकडे, म्हणून आमची आणलीत? तो हसला, बोलला, मावशी, वाघाले खायले पायजे ना. शिकार नसली का वाघ गावात शिरते. म्हणून तं आणली.

मी चहा खाली ठेवला. मी मॅडमकडे बघितलं, त्या जमिनीकडे बघत होत्या. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? बोलल्या, होतं. मग मला का नाय सांगितलं? त्या बोलल्या, सांगितलं असतं तर तुम्ही हाक मारली असतीत का?

नसती मारली. आणि नसती मारली तर फासे टाकून पकडली असती आणि अर्धी तिथेच मेली असती, ते पण मला ठाऊक होतं.

कुंपणापाशी गेलो तर मला बघून सगळी आली. हाक पण द्यायला लागली नाय. बकुळ सगळ्यात पुढे, तिने माझा हात चाटला. मडावी बोलला, मावशी, यायले मानसाची भीती नाय, कुनीबी मारन, हे पयल्याच आठवड्यात मरतीन. भीती लावा. मॅडम बोलल्या, ताई, तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं त्यांना खरं वाटणार नाही. मग मी त्यांना हाक देत दाराबाहेर काढली, पार झाडांपर्यंत नेली, आणि तिथे वाकून ढेकूळ उचललं. पहिलं जमिनीवर मारलं. ती नुसती बिचकली. मी ओरडली, जा, जा मेल्यांनो, काठी आपटली, ढेकळांवर ढेकळं मारली, तेव्हा कळप पळाला. बकुळ नाय पळाली. दहा पावलांवर जाऊन वळून उभी राहिली, कान पुढे करून, तिला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. मी नेम धरून मारलं. कपाळावर बसलं तिच्या. तिने डोकं झटकलं आणि गेली मग. माझ्या तोंडातून काय काय शिव्या निघाल्या मला नाय आठवत, मॅडमनी मला धरून जीपमध्ये बसवलं. येताना दादर आलं तेव्हा त्या बोलल्या, ताई, जेवून घ्या काहीतरी.

महिन्याभराने मडावीचा मॅडमना फोन आला. काही आपली चितळं रानातल्या कळपात मिसळली. काही वाघाने नेली. मॅडम सांगायला लागल्या कोणती कोणती सापडली, त्यांच्या कानात बिल्ले होते ना नंबरचे, मी बोलली नका सांगू. मागच्या वाड्यातली म्हातारी पण एकेक करून संपली, दोन वर्षांत वाडा रिकामा. मुलगी माझी शिकलेली आहे, लोअर परळला ऑफिसात आहे, ती बोलते, आई, वाघ पण जनावरच ना, तो उपाशी मरावा काय? आणि इथे ठेवली असती तर ती आंधळी पाडसंच झाली असती ना? मग तुझं म्हणणं तरी काय? माझं म्हणणं काहीच नाय. सगळे बरोबर बोलतात. मॅडम बरोबर, मुलगी बरोबर, मडावी पण बरोबर. पण हाक माझी होती ना हो.

आता मला झेब्र्यांवर ठेवलंय. छान जनावर आहे, रुबाबदार, रविवारी काचेपुढे उभं राहायला जागा नसते. मी चारा ठेवते, पाणी बदलते, बाहेर येते. तोंडातून अक्षर काढत नाय. बरोबरचे बोलतात सुनंदाबाई मुकी झाली. गेल्या महिन्यात झेब्र्याला पिल्लू झालं, ते उभं राहायला धडपडत होतं तेव्हा पब्लिकने टाळ्या वाजवल्या, साहेबांनी पेढे वाटले. जागा आता पण तेवढीच. मॅडम माझ्या शेजारीच होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघींनी पेढा खाल्ला.

चार महिने राहिले. निघेन मी. कोणावर राग नाय माझा, खरंच नाय, सगळ्यांचं भलं होवो, त्या वाघांचं पण होवो. तुम्ही पण पोराबाळांना घेऊन या, बघा झेब्रा, आत्ता पिल्लू लहान आहे तोवर या.