समोरची गाठ

— हां, तं खुर्ची नाई मॅडम, त्या गठ्ठ्यावरच बसा, मऊ हाय. काय इचारलं तुमी, धंद्यात नवीन काय केलं? कॉलेजच्या फारमात हेबी पुसतात म्हणा. लिवा — अनुप टेलर्स, मावला, मालक मीच. पहिले पँट-शर्ट शिवत होतो, मंग रेडिमेड आलं, मशीन धूळ खात पडली. मंग डोक्यात आलं — म्हणजे रंजीताच्या, माह्या बायकोच्या, पण घर तं एकच ना — का कापूस वेचणाऱ्या बाया कमरंले जुनं लुगडं बांधून ओटी करतात, कंबर मोडून जाते. तं पट्ट्याची ओटी शिवाची, भार खांद्यावर, समोर गाठ, एका हातानं ओढली का ओटी खाली. आणि विकाची नाई. दोन महिन्याच्या वेचणीसाठी नवी कोन घेते? वेचणाऱ्या बायांच्या टोळीले सीझनभर भाड्यानं द्याची, फाटली का बदलून द्याची. नार्नूरपर्यंत गेल्या आमच्या ओट्या — थांबा, ऑटो थांबला वाटते.

नाई, दुसरीच कोनी हाय.

कोन येनार? कोनी नाई. रंजीता माहेरी गेली, बाजारहत्नूरले, आठ रोज झाले. काम होतं तिचं तिथं — आता खरं सांगू का, यंदाच्या दोनशे ओट्या म्या माह्या मनानं शिवल्या. गाठ मांगं नेली. काऊन म्हणजे? समोरून साफ दिसाले पायजे, शिवणाऱ्याची नजर असते. आणि समोर नाव छापाचं होतं, अनुप टेलर्स, लाल अक्षरात. ती म्हणे, मांगं हात पोचत नाई, एकडाव बांधून तं पाहा. मी म्हटलं, तू मले शिवणं शिकवू नको. बांधून पाह्यली का, म्हणता? बायांची वस्तू मी कमरंले बांधू?

माह्या सासूनं बांधली, गयाबाईनं, तिकडं बाजारहत्नूरले वेचणीत. जावयानं शिवली म्हणून कौतुकानं. भरली, तं सुटंना. खांदा आखडलेला तिचा. म्हातारी भरल्या ओटीनिशी बांधावर उभी, उन्हात, कोनी सोडाले येईन म्हणून — आणि छातीवर माह्यं नाव. मले लाज वाटून राह्यली मॅडम, तुमच्यासमोर कायले लपवू. रंजीतानं फोनवर एवढंच सांगतलं, आता मी इथंच शिवीन, तुमी तुमचं नाव सांभाळा. तिथल्या टोळीच्या बायांनी मिळून मशीन घेतली म्हणते.

आज सकाळी दार लावून म्या एक बांधली. शेवटी कात्रीनं कापा लागली.

मालकाचं नाव लिवलं का तुमी? पेनानं? खोडा ते. रंजीता लिवा. पत्ता — मावला का बाजारहत्नूर, मलेच मालूम नाई, मी काय सांगू. राहू द्या तो फारम. उठा मॅडम. तुमी बसल्या तोच माल हाय, वापस आलेला. गाठी उसवाच्या हाय मले.