सरूकाकूंचा वहीम

तेरखेड्यात राहून तोंडाला मास्क लावून खोलीत काही बनवत बसू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. आमचं गाव फटाक्यांचं. मी मात्र रिकाम्या काचेच्या बाटल्या रेझिनमध्ये बसवून स्टूल करत होते. रेझिन साच्यात पातळ ओतायचं, मग ते दगडासारखं घट्ट होतं. त्यावर धूळ बसू नये म्हणून मी दार लावून घ्यायचे.

शेजारच्या सरूकाकूंना तेवढंच पुरलं.

"त्या डब्यात काय हाय गं?"

"रेझिन हाय, काकू."

"मग तोंडाला फडकं कशाला?"

"वास येतो म्हणून."

"वास बारुदीला बी येतो. गल्लीत लेकरंबाळं हायत, ध्यानात ठेव."

एका दुपारी मी रेझिन एकदम जास्त ओतलं. तसं केलं की ते आपोआप तापतं, हे मला ठाऊक नव्हतं. साच्यातून धूर निघायला लागला. बाहेर कुणीतरी ओरडलं, "पळा!" आणि सगळी गल्ली पळाली. मी दाराकडं वळले, तर सरूकाकूच आत घुसल्या आणि माझा दंड धरून मला अंगणात ओढत घेऊन आल्या.

धूर विरला. आत नुसतं तडकलेलं स्टूल होतं.

"काकू, तुम्हाला तर बारूदच वाटत होती. मग आत कशा आलात?"

"तू आत होतीस न्हवं," त्या धापा टाकत म्हणाल्या. मग अंगणात वाळत ठेवलेली एक बाटली उचलून त्यांनी नाकाला लावली.

"आता खरं सांग, ह्या संपवल्या कुणी?"