विहिरीवरची शेवंती

वाटूर फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या साधनाच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“विहीर चाळीस फूट खोल हाये. बुजवायला माती किती लागंल?”

“लागू द्या. आकांक्षा बुडाली तिथं वर शेवंतीच लावायची.”

“मंग तळाला दगड टाकू. शेवंतीला वरची दोन फूट माती बिलकुल पुरती.”

“दगड न्हाई.”

“काहून?”

“लेकीला लागतील.”

“अगं, तिला वर काढली न्हाई का आपण? अग्नी मीच दिला.”

“ठाव हाये मला. तरी दगड न्हाई.”

नवरा साधनाकडं वळला.

“ताई, शिकलेल्या दिसता. दहा फूट रुंद, चाळीस फूट खोल. नुसत्या मातीचा हिशोब करून द्या.”