हमीद मास्तरांचा रविवारचा वर्ग

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनीही बसा. माझा आवाज बारीक आहे, आणि आज बोलणं जड जातंय, तेव्हा सांभाळून घ्या.

हमीद मास्तर मंगळवारी गेले. वर्गात शिकवता शिकवता खुर्चीवर बसले, ते उठलेच नाहीत. मरणाबद्दल मला याहून जास्त बोलता येत नाही. मी त्यांच्या कामाबद्दल बोलतो.

वणीच्या या शाळेत ते जमाखर्च शिकवत. मीही तोच विषय शिकवतो. पण ते आणखी एक काम करत. जमाखर्च शिकवणाऱ्यांना शिकवत. दर रविवारी मारेगावहून, पांढरकवड्याहून मास्तर लोक यायचे आणि मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचे.

हे सुरू झालं, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले तेव्हापासून. आठवतं ना? आपण सारे पावकी-पाऊणकी घोकून मोठे झालेलो. आण्याशिवाय हिशेब सुचायचाच नाही. मग आपण काय करायचो? नव्या पैशांचे मनात आणे करायचो, बेरीज करायचो, आणि पुन्हा नवे पैसे लिहायचो. एका आण्याचे सव्वासहा, पण लिहायचे सहा. तीनदा लिहिले की अठरा. पण तीन आण्यांचे एकदम लिहिले की पावणेएकोणीसचे एकोणीस! ताळा जुळेना. मुलांनाही आपण तेच शिकवलं. ती राजूरच्या खाणीच्या कचेरीत नोकरी मागायला गेली आणि हात हलवत परत आली.

आपण मुलांना नावं ठेवली. हमीद मास्तर म्हणाले, "पोरं कच्चे नाहीत गुरुजी. आपुनच कच्चे हावो."

रविवारच्या वर्गात त्यांचा एकच नियम. जो 'आणा' म्हणेल, तो बाकावर उभा राहील. पहिल्या दिवशी कोण उभं राहिलं? मी. थोड्या वेळाने पुन्हा कोण? पुन्हा मीच. पांढरकवड्याचे मास्तर खो खो हसले. मी टोपी उचलली आणि घरी निघून आलो.

संध्याकाळी हमीद मास्तरांची सायकल दारात. मी म्हटलं, "मास्तर, आता हे नवं माझ्याच्याने होत नाही. हेडमास्तरांना कळलं तर माझा विषय जाईल."

"मले तरी कुठी येते? मी बी शिकूनच राह्यलो."

"मग आम्हाला कशाला बोलावता?"

ते म्हणाले, "एकट्याले भेव लागते म्हनून."

उपदेश नाही, समजूत नाही. चहा प्यायले आणि गेले. पुढच्या रविवारी मी वर्गात होतो. त्या दिवशी बोलता बोलता त्यांच्याच तोंडून 'दोन आणे' निघालं. आमच्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ते आपले मुकाट बाकावर चढले. माझा विषय माझ्याकडेच राहिला, मंडळी. आणि पुढे आपली मुलं राजूरला लागली.

या सोमवारीच ते तिथे जाऊन आले. कचेरीत बेरजेचं यंत्र आलंय म्हणे. आकडे दाबायचे, मूठ ओढायची, बेरीज तयार. मी विचारलं, "मग आता आपण शिकवायचं काय?"

"बेरीज थे करीन. पन कोनती रक्कम जमेले अन् कोनती नावे, हे त्याले कोन सांगीन? थेच शिकवाव लागन. रविवारी पाहू."

तो रविवार परवा आहे.

पांढरकवड्याहून निरोप आलाय, वर्ग आहे की बंद झाला? मी उत्तर दिलं नव्हतं. काल त्यांच्या घरी गेलो. दाराआडून भाभींनी विचारलं, "गुरुजी, वर्गाची चाबी घरीच हाय. कोनाले देऊ?" मी हात पुढे केला. फार वाईट वाटलं तेव्हा. इतका वेळ वाटलं नव्हतं.

मंडळी, मला ते यंत्र येत नाही. मी ते पाहिलेलंही नाही. वर्ग परवा भरेल. जमाखर्च शिकवणाऱ्या प्रत्येकाने यावं. न येणाऱ्याच्या घरी मी सायकल घेऊन येईन.

आता उभे राहू या. थोडा वेळ कोणी बोलू नका.

हमीद मास्तर, सलाम.